सह्याद्री आडवा झाला

त्या वर्षी आमच्या चाळीच्या गणपतीपुढे महाराष्ट्राचा जिवंत नकाशा उभा करायचा असं मास्तरांनी ठरवलं, आणि मला मुंबई व्हायचं होतं. चाळ लालबागची, दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. गिरणीत, नळावर, संडासाच्या रांगेत दुसरा विषय नव्हता. मुंबई आपल्याला मिळणार की नाही यावर मोठी माणसं ताटातला भात गार होईपर्यंत भांडायची. अशा वेळी आम्ही पोरांनी गणपतीपुढे राम-रावण काय करायचे? मास्तर आमच्याच मजल्यावर राहत. ते दादरच्या एका शाळेत कवायत शिकवत आणि चाळीत सगळ्यांना सगळंच शिकवत.

नकाशा असा होता की प्रत्येक पोरानं आपापल्या जागी उभं राहायचं, बसायचं किंवा वाकायचं, आणि पोवाडा चालू असेपर्यंत हलायचं नाही. दोन गुबगुबीत भाऊ मिळून विदर्भ झाले. बेळगाव म्हणून एका रडक्या मुलाला जरा लांब उभा केला होता. त्यानं बाकीच्यांकडे हात पसरायचे होते. तो हात पसरून इतकं खरंखुरं रडायचा की तालमीलाच बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मुंबईला मात्र जरीचा परकर, सोनेरी कागदाचा मुकुट आणि शेवटी झेंडा फडकवायचा मान.

मी म्हटलं, मुंबई मला द्या. मास्तर म्हणाले, "मुंबई लहानखुरी हवी. तू ही एवढी ताडमाड. तू सह्याद्री हो. तुझ्यासारखी कमान चाळीत दुसऱ्या कुणाला येते?"

कमान म्हणजे उभ्या उभ्या मागे वाकून हात जमिनीला टेकवायचे आणि पोट आभाळाकडे करून तसंच राहायचं. ते मला यायचं हे खरं. हिच्या अंगात हाडं घालायला देव विसरला, असं आई म्हणायची. पण कौतुकानं माझं पोट भरेना. मी जेवायची थांबले, गॅलरीत उभी राहून बोंब ठोकली, मुंबई झालेल्या मास्तरांच्या चिमुकल्या भाचीचा मुकुट पाण्याच्या पिंपामागे लपवला. चाळीतल्या एकूण एक बिऱ्हाडाला माझं दुःख ठाऊक झालं. शेवटी सह्याद्री नाही तर काहीच नाही अशी वेळ आली, तेव्हा मी नाक मुरडून सह्याद्री झाले.

मी आता ऐंशीच्या घरात आहे. डावा पाय थोडा ओढत चालते. हातात काठी असते, आणि ती टेकायला कमी आणि लोकांना दाखवायला जास्त उपयोगी पडते. तेव्हा पुढचं वाचताना या पोरीचं काय होतंय अशी काळजी कुणी करू नये. पोर चांगली खमकी निघाली.

गणपती जवळ आले होते. त्या संध्याकाळी खालच्या चौकात तालीम होती आणि पोवाडा म्हणणाऱ्यांना चेव चढला होता. कडवं संपलं की ते पुन्हा पहिल्यापासून घ्यायचे. मी कमान टाकून उभी. मुंबई माझ्या पोटावर बसून पाय हलवत होती आणि मधूनच माझ्या बरगडीला टाच मारत होती. ती मुद्दाम मारत होती असं माझं आजही मत आहे. पोवाडा एकदाचा संपला, मुंबई उतरली, मी सरळ झाले आणि पाठीत, बरगड्या संपतात तिथे, एकदम कळ आली. ओला पंचा पिळतात तशी कुणीतरी पाठ पिळली. मी ओठ चावला, पण बोलले नाही. बोलले असते तर मास्तर म्हणाले असते, नखरे सुरू झाले.

जिना चढून वर गेले. जरा वेळानं आईनं चहा दिला. बशीत ओतून फुंकून प्यायले. कप निम्मा झाला असेल, पायांना मुंग्या आल्या. मग पाय जड झाले, आणि कप ठेवायला उठू गेले तर उठताच येईना. पाय समोर होते, माझेच होते, पण माझं ऐकत नव्हते.

"ऊठ गो, कप विसळून ठेव," आई म्हणाली.

"पाय उठत नाय," मी म्हटलं.

आईनं आधी दटावलं, मग काखेत हात घालून उचलून बघितलं, आणि मग तिनं हाक मारून शेजार गोळा केला. अर्ध्या तासाच्या आत आमच्या दारात अख्खा मजला उभा होता. पोलिओ म्हणून कुणीतरी कुजबुजलं, तशी आयांनी आपापली पोरं मागे ओढली. पण ताप नव्हता, आणि मी तर तोंडानं टणाटण बोलत होते. मग मागून एक आवाज आला, "मुंबई मिळाली नाही म्हणून सह्याद्री झोपला!"

सगळे हसले. खरं सांगायचं तर वाक्य झकास होतं. दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर मीही हसले असते. सकाळपर्यंत ते नळावर, वाण्याकडे आणि बाबांच्या गिरणीच्या दारापर्यंत पोचलं होतं. लालबागेत त्या दिवसांत मुंबई मिळाली नाही म्हणून कुणीही काहीही करेल यावर लोकांचा पटकन विश्वास बसायचा, आणि मी तर आधीच बोंब ठोकून बसलेली.

सकाळी मास्तर परीक्षा घ्यायला आले. त्यांनी उपरण्यानं माझे डोळे बांधले. "मी हात कुठे लावतो ते सांग," म्हणाले. मी सांगत गेले. उजवा अंगठा. डावी पोटरी. गुडघ्याची वाटी. मग त्यांनी पायाचं बोट धरून वर-खाली केलं. मी म्हटलं वर, मी म्हटलं खाली. एकही चुकलं नाही. गॅलरीतल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या, आणि मी मूर्ख, मला पैकीच्या पैकी मार्क पडले म्हणून हरखले.

मास्तरांनी उपरणं सोडलं आणि बाबांकडे वळून म्हणाले, "पाय गेले असते तर हिला यातलं काही कळलं असतं का? पायात पुरता जीव आहे. जीव आहे म्हणजे ते चालतात. चालायचं नाही, एवढंच आहे."

बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. शिकलेला माणूस म्हणजे त्यांच्या लेखी मास्तर. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "दाखव बघू चालून," म्हणाले. मला काखेत धरून उभं केलं आणि हात सोडले. मी पोत्यासारखी खाली बसले.

"सोंगां पुरे झाली," बाबा म्हणाले.

बाबांनी मला जन्मात कधी बोट लावलं नाही. त्या दिवशीही लावलं नाही. पण त्या तीन शब्दांचा मला जो राग आला, तसा नंतर नवऱ्याचाही आला नाही, आणि नवऱ्यानं संधी पुष्कळ दिली होती. मी खोटं बोलायचे, नाही असं नाही. मुकुटाबद्दल बोलले होते. पण हे खरं होतं, आणि माझ्या बापाला ते दिसत नव्हतं. पाय चालत नाहीत याचं मला त्या सकाळी दुःख नव्हतंच. उद्या चालतील असंच वाटत होतं. माझं खरं कुणी मानत नाही, याचं दुःख होतं.

दुपारी नाक्यावरचे डॉक्टर आले. आमच्या सगळ्या चाळीचे तेच. त्यांनी काच लावून ताप बघितला, नव्हता. कापसाचा बोळा पायावरून फिरवला, मला कळला. त्यांनी मास्तरांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "पोलिओ म्हणावा तर ताप नाही, आणि दोन्ही पाय असे सारखे जात नाहीत. हट्टी मुलींना होतं असं. लक्ष देऊ नका. खायचं ताट लांब ठेवा, भूक लागली की उठेल."

ताट लांब ठेवलं गेलं. ताटात शिरा होता, बेदाणे घातलेला. मी बाबांच्या डोळ्यांदेखत कोपरांवर सरपटत, पाय मागे ओढत, उंबऱ्यापर्यंत गेले आणि ताट चाटूनपुसून साफ केलं. बाबा आईला म्हणाले, "बघ, हलली. उद्या चालात."

 आई आपल्या उद्योगाला लागली. तिचा उद्योग म्हणजे शेक. तव्यावर खडेमीठ तापवायचं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात त्याची पुरचुंडी बांधायची आणि दुखऱ्या जागी दाबायची. आमच्याकडे पोटात दुखलं तरी शेक, पाय मुरगळला तरी शेक, परीक्षेत नापास झालं तरी शेक. आई माझ्या मांड्या-पोटऱ्या शेकत राहिली आणि मी पडून छताकडे बघत राहिले. नेहमी मी पहिल्या चटक्याला किंचाळायचे. त्या दिवशी ती शेकतेय हे मला फक्त फडक्याच्या खरखरीवरून कळत होतं.

एक गोष्ट तेवढ्यात आईच्या ध्यानात आली. काल संध्याकाळपासून मी लघवीला गेले नव्हते. मला लागलीच नव्हती, पण ओटीपोट वर फुगून आलं होतं. आई उठली. तिनं पदर खोचला आणि गॅलरीत येऊन मास्तरांना, बाबांना आणि ऐकणाऱ्या सगळ्यांना म्हणाली, "माझां चेडू एक वेळ जेवूचा नाय, बोलूचा नाय. पण मुताचा सोंग कोण करता? माका सांगा! मी तिका घेऊन परळाक जातंय. येवचा त्यांनी येवा."

मास्तरांसारखा शुद्ध बोलणारा माणूस त्या एका शब्दानं असा लाजला की त्यांनी वाद घातला नाही. बाबांनी मला पाठीवर घेऊन जिना उतरवला. रस्त्यावर व्हिक्टोरिया केली. मास्तर गाडीवानाशेजारी चढून बसले, कारण परळच्या मोठ्या इस्पितळात बोलायला शिकलेलं माणूस हवं.

नाक्यावर मोर्चा होता. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेला, झेंडे, घोषणा, घामेजलेली माणसं. घोडा थांबला. एका माणसानं गाडीत डोकावून आईच्या मांडीवर आडवी पडलेली मी बघितली. "काय झालं पोरीला? कुठं लागलं?"

"पाठीत," आई म्हणाली. खोटं नव्हतं.

"पाठीत!" तो मागे वळून ओरडला. "पोलिसांनी पोरींच्या पाठीत लाठ्या घातल्या!"

मग जे झालं ते थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. मोर्चा दुभंगला. माणसांनी हात धरून दोन बाजूंना साखळी केली. कुणीतरी माझ्या हातात छोटा झेंडा दिला, आणि आमची व्हिक्टोरिया मधून निघाली तशी दोन्हीकडून गर्जना उठली, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. बाबा मान खाली घालून बसले होते. मास्तर आधी "अहो, तसं नाही" असं पुटपुटले, मग हळूहळू त्यांची छाती पुढे आली. मी झेंडा हलवला. कालपासून पहिल्यांदाच कुणाचा तरी माझ्यावर विश्वास बसला होता. तो चुकीच्या कारणानं बसला होता, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मला फार मजा आली.

इस्पितळात जी डॉक्टरीण भेटली ती वयानं लहान होती. घट्ट अंबाडा, पांढरा कोट, आणि कुणी बोलायला लागलं की त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघायची सवय. मास्तरांनी पहिल्यापासून सुरुवात केली. नकाशा, मुकुट, रुसवा. तिनं ऐकून घेतलं. मग माझ्या पोटावर हात ठेवला आणि आधी नर्सला बोलावून नळी घालून लघवी काढली. भांडं भरलं ते बघून आई देवाचं नाव घेऊन रडायला लागली.

"एवढं साठेपर्यंत कुणी रुसून बसत नाही," डॉक्टरीण म्हणाली.

मग तिनं मला विचारलं. दुसऱ्या कुणाला नाही. "दुखलं कधी?" कमान सोडली तेव्हा. "पाय गेले कधी?" चहा पिताना. "चहा किती झाला होता?" निम्मा. ती हसली नाही. उलट तिनं ते लिहून घेतलं, आणि मला माझ्या चहाचा अभिमान वाटला. "म्हणजे कळ आल्यापासून जेमतेम अर्धा-पाऊण तास," ती स्वतःशीच म्हणाली.

तपासायला तिनं चादर बाजूला केली, आणि माझ्या मांडीवर रुपयाएवढा टरटरलेला फोड होता. मी तो बघितलाच नव्हता. आईनं बघितला होता, आणि परकर खाली ओढून झाकून ठेवला होता.

"कुणी भाजलं हिला?"

"मीच," आई म्हणाली. "शेक दिलंय. मीठ वायच जास्त तापलां. माका गाळी घाला, पण पोरीक बरां करा."

डॉक्टरीणबाईंनी शिव्या घातल्या नाहीत. त्या माझ्या जवळ खुर्ची ओढून बसल्या. "हे भाजलं तेव्हा दुखलं?"

"नाही."

"गरम लागलं?"

"नाही."

"मग आई शेकतेय हे कसं कळलं?"

"फडकं टोचत होतं ना. जुनं लुगडं आहे ते, खरखरीत."

त्या एकदम ताठ बसल्या. तो चेहरा मी विसरले नाही. हरवलेली किल्ली सापडल्यावर बाईमाणसाचा होतो तसा.

त्यांनी काचेच्या दोन नळ्या मागवल्या. एकीत उकळतं पाणी, दुसरीत बर्फाचं. मला डोळे मिटायला लावले आणि नळी दंडाला लावली. गरम, मी म्हटलं. गार, मी म्हटलं. मग नळी पायाला लावली.

"गरम की गार?"

"काच," मी म्हटलं.

"आता?"

"काच."

टाचणी घेतली तेव्हाही तेच. दंडावर टोचली की मी ओरडायचे. पायावर काहीतरी टेकलं एवढंच कळायचं, टोचायचं नाही. त्या टाचणी पायापासून वर वर आणत गेल्या, आणि बेंबीच्या जरा वर आल्यावर मी किंचाळले. तिथे त्यांनी शाईनं माझ्या पोटावर रेघ ओढली. पाठीवरही ओढली. रेघेच्या वर मी पहिल्यासारखी होते. रेघेच्या खाली स्पर्श कळत होता, पण ऊन, गार, दुखणं आणि चालणं, सगळं गेलं होतं.

बाबा इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते. ते पुढे आले. "माका बघूंक देवा," म्हणाले. त्यांनी उकळत्या पाण्याची नळी घेतली, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघितली, चटका बसला तसा हात झटकला. मग ती माझ्या पोटरीला लावली. "काय गो हां?"

"काच."

त्यांनी नळ्या बदलल्या, पुन्हा लावल्या, पुन्हा बदलल्या. साच्यावरचा माणूस, हातांनी बघितल्याशिवाय काही मानायचा नाही. माझ्या तोंडातून प्रत्येक वेळी एकच शब्द आला. मग त्यांनी नळ्या हळूच ताटलीत ठेवल्या आणि ते व्हरांड्यात निघून गेले. रडतायत, असं आई म्हणाली. मला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

"ही मुलगी पहिल्यापासून खरं बोलतेय," डॉक्टरीणबाई मास्तरांना म्हणाल्या.

ते ऐकून मी जे भोकाड पसरलं, ते वॉर्डातल्या सगळ्या पोरांना पुरलं. सगळ्यांना वाटलं, आजाराचं ऐकून रडतेय. मी आनंदानं रडत होते.

कण्यातलं रक्त कुठेतरी अडलंय, हे डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मोठ्या डॉक्टरांना लगेच पटलं नाही. त्यांना वाटलं, मणक्याचा क्षय असेल, त्या काळी आमच्या भागात तो घरोघर होता. मग पाठीचा फोटो झाला, मणके स्वच्छ. पाठीतून सुईनं पाणी काढलं, तेही स्वच्छ. डॉक्टरीणबाई आपलं म्हणणं सोडेनात. एवढ्या झटकन पाय गेले, ताप नाही, पोटावर अशी सरळ रेघ, आणि स्पर्श शाबूत. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी स्वतः नळ्या लावून बघितल्या. त्यांनाही मी "काच" असंच सांगितलं, आणि ते मान हलवत निघून गेले.

आई-बाबांना आणि मास्तरांना बसवून डॉक्टरीणबाईंनी जे समजावलं, ते चाळीतल्या माणसाला कळेल असं होतं. पाठीच्या कण्यात मज्जेची दोरी असते. तिला मागच्या बाजूनं पाण्याचे दोन नळ आहेत, पुढच्या बाजूनं एकच. पाणी म्हणजे रक्त. पुढचा एकुलता नळ बंद पडला. चालणं, ऊन-गार आणि दुखणं यांची बिऱ्हाडं पुढच्या बाजूला, त्यांचं पाणी तुटलं. स्पर्शाचं आणि बोट वर की खाली ते कळण्याचं बिऱ्हाड मागे, तिथे पाणी चालू.

"म्हणून तुमच्या परीक्षेत ही पास झाली," त्या मास्तरांना म्हणाल्या. "तुम्ही मागच्याच खोल्यांची दारं वाजवलीत."

"म्हणजे ह्यां वारां गेलां," बाबा म्हणाले. "पण वारां म्हाताऱ्यांवरना जाता. पोरांवरना कसा जायत?"

"मुलांवरूनही जातं. फार क्वचित. क्वचित म्हणूनच कुणाच्या मनात येत नाही, आणि मग मूल ढोंगी ठरतं." कमानीनं झालं का, असं मास्तरांनी घसा खाकरत विचारलं. त्या म्हणाल्या, पाठ तशी ताणल्यावर लगेच झालं, तेव्हा असू शकेल, पण शपथेवर सांगता येणार नाही. पाय परत येतील का, हे आईनं विचारलं. "काही मुलांचे येतात. काहींचे अर्धे येतात. काहींचे येत नाहीत. औषध माझ्याकडे नाही. पाय हलवत ठेवायचे, जखम होऊ द्यायची नाही, आणि वाट बघायची."

मास्तर वाईट माणूस नव्हते. ते चाळीत परतले आणि त्यांनी प्रत्येक मजल्यावर उभं राहून नळांची गोष्ट सांगितली, आपण कुठे चुकलो ते सुद्धा. त्या वर्षी गणपतीपुढे सह्याद्री गोणपाटाचा केला होता. मला कळलं तेव्हा मी म्हटलं, बरं झालं, गोणपाटाला पाठ नसते. मुंबई झालेली भाची मला भेटायला आली आणि माझ्या पलंगावर बसून तिनं सगळी बिस्किटं खाल्ली.

वॉर्डात माझं राज्य होतं. विद्यार्थी डॉक्टर घोळक्यानं यायचे. डॉक्टरीणबाई त्यांना काही सांगायच्या नाहीत, नुसतं म्हणायच्या, "तपासा." ते बिचारे कापूस काढायचे. मी डोळे मिटून मुकाट्यानं उत्तरं द्यायचे. उजवा पाय, डावा पाय, घोटा. ते एकमेकांकडे बघायचे, आणि एखादा शहाणा हळूच म्हणायचा, "हिला तर काही झालेलंच नाही." मग मी एक डोळा उघडून म्हणायचे, "टाचणी विसरलात." डॉक्टरीणबाई खिडकीकडे तोंड करून हसायच्या.

पण सगळे गेले की मी पायांकडे बघत बसायचे. हला, असं त्यांना मनातल्या मनात सांगायचे. कधी प्रेमानं, कधी शिव्या देऊन. शेजारच्या पलंगावरची मुलं बरी होऊन घरी जायची, नवी यायची. मी तिथेच. कधी कधी अंगठा हलल्यासारखा वाटायचा, आणि नीट बघितलं की नसायचा हललेला. मी फार घाबरले होते, हे कुणाला सांगितलं नाही.

बाबा पहिली पाळी संपवून रोज थेट इस्पितळात यायचे. केसांत, भुवयांत कापसाचे तंतू तसेच. त्या दिवसानंतर ते माझ्याशी फार बोलत नसत. येताना एखादं मोसंबं आणायचे, स्टुलावर बसून ते सोलायचे, एकेका फोडीवरची पांढरी शीर न् शीर काढायचे आणि मला द्यायचे. सोलताना मान वर करायचे नाहीत. मीही बोलायची नाही. मला अजून त्यांचा राग होता, आणि तो सोडावा असं काही झालं नव्हतं.

एका दुपारी ते असेच सोलत बसले होते. माझ्या पायांवर जाड चादर होती. मी नेहमीसारखी पायांना मनातल्या मनात शिव्या देत होते, आणि उजवा अंगठा हलला. वाटल्यासारखा नाही. हलला. चादरीच्या आतल्या बाजूला घासला.

"बाबा," मी म्हटलं, "अंगठा हलला."

त्यांचे हात थांबले. मला वाटलं, आता उठतील, चादर फेकून देतील, म्हणतील, दाखव बघू. आणि पुन्हा हलेल याची मला खात्री नव्हती.

बाबांनी चादरीला हात लावला नाही. पायांकडे बघितलंही नाही. माझ्या तोंडाकडे बघितलं.

"हाललो," ते म्हणाले. "तू सांगतस, म्हणजे हाललो."

"अहो, बघा तरी!" मी ओरडले.

"बघतंय मगे. आधी ह्यां खा." आणि त्यांनी सोललेली फोड माझ्या ओठांशी धरली. पहिल्यांदाच फोडीवरची पांढरी शीर तशीच राहिली होती.